अर्ध्या तासाचा धमाका

फार हवा न करता २८ जून २०१९ ला ‘ओआसिस’ अचानक रिलीज झाला. कोलंबियाचा जे बाल्विन आणि पोर्तो रिकोचा बॅड बनी, रेगेटोनमधल्या दोन तगड्या गड्यांचा हा जॉइंट अल्बम. गाणी फक्त आठ, वेळ जेमतेम अर्धा तास. तरी अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड २००’मध्ये एन्ट्री थेट नवव्या नंबरवर!

आदल्याच वर्षी कार्डी बीच्या ‘आय लाइक इट’मुळे दोघं तिथे नंबर वन झाले होते. म्हणजे आता इंग्रजीकडे वळायला मोकळं रान होतं. पण त्यांनी स्पॅनिश सोडली नाही. ‘ला कान्सिओन’ ऐकाच. शब्द कळले नाहीत तरी जुन्या प्रेमाची सल ट्रम्पेट सांगून जातं. आपल्या भाषेतलं गाणं बाहेर चालेल का, या प्रश्नाला यापेक्षा भारी उत्तर कुठलं?