सिगारेटवरचा कर : सहा गैरसमज आणि वस्तुस्थिती

१ फेब्रुवारी २०२६ पासून देशातली सिगारेटवरची करआकारणी बदलली. जीएसटीसोबतचा भरपाई उपकर गेला, जीएसटीचा दर २८ टक्क्यांवरून ४० टक्के झाला आणि लांबीनुसार दर हजार सिगारेटींमागे २,०५० ते ८,५०० रुपये उत्पादन शुल्क लागू झाले. पानटपरीवर भाव वाढले आणि जुने वाद नव्याने सुरू झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार तंबाखूमुळे भारतात दरवर्षी सुमारे साडेतेरा लाख माणसे मरतात. त्यामुळे या करांबद्दल ऐकीव माहितीवर मत बनवणे परवडणारे नाही.

गैरसमज १ : ‘४० टक्के जीएसटी म्हणजे शंभरातले चाळीस रुपये सरकारला.’

वस्तुस्थिती : जीएसटी मूळ किमतीवर लागतो; छापील किमतीत तो आधीच मिळवलेला असतो. १०० रुपयांच्या मालावर ४० रुपये जीएसटी लागला, तर गिऱ्हाईक १४० रुपये देते. म्हणजे त्याने दिलेल्या पैशांत जीएसटीचा वाटा साधारण साडेअठ्ठावीस टक्के पडतो. उत्पादन शुल्क वेगळे. ते मूळ किमतीत आधीच मिळवलेले असते. कराचा दर आणि किमतीतला कराचा वाटा यांत लोक नेहमी गल्लत करतात. किरकोळ किमतीत सर्व करांचा मिळून वाटा किमान ७५ टक्के असावा, हा जागतिक आरोग्य संघटनेचा मापदंड आहे. भारतात सिगारेटच्या बाबतीत हा वाटा अनेक वर्षे पन्नास टक्क्यांच्या आसपासच होता. ‘जगात सर्वांत जास्त कर आपल्याकडे’ हे म्हणणे म्हणूनच टिकत नाही.

गैरसमज २ : ‘व्यसनी माणूस कितीही महाग झाले तरी ओढतोच.’

वस्तुस्थिती : अनेक देशांच्या अभ्यासांतून दिसते की कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत किंमत १० टक्क्यांनी वाढली की खप सरासरी ५ टक्क्यांनी घटतो. काही जण सोडतात, काही कमी ओढतात आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, खिशात मोजके पैसे असलेली कॉलेजची मुले सुरुवातच करत नाहीत. फिलिपाइन्सने २०१२ मध्ये तंबाखूवरचा कर कायदा करून मोठ्या प्रमाणात वाढवला. तिथे तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २००९ मध्ये २९.७ टक्के होते, ते २०१५ मध्ये २३.८ टक्क्यांवर आले. सरकारचा महसूलही वाढला आणि त्यातला मोठा भाग लोकांच्या आरोग्य विम्यावर खर्च झाला.

मात्र एक अट आहे : करवाढ नियमित हवी. आपल्याकडे २०१७ मध्ये जीएसटी आल्यापासून २०२६ च्या बदलापर्यंत सिगारेटवरच्या करात २०२० आणि २०२३ च्या अर्थसंकल्पांतली वाढ सोडली, तर फारसे काही बदलले नाही. दरम्यान लोकांचे उत्पन्न वाढत गेले. उत्पन्न वाढले आणि किंमत त्या वेगाने वाढली नाही, तर वस्तू प्रत्यक्षात स्वस्तच होते.

गैरसमज ३ : ‘तंबाखूच्या करावर तर सरकारचा गाडा चालतो.’

वस्तुस्थिती : तंबाखूजन्य आजारांवरचा खर्च आणि अकाली मृत्यूंमुळे बुडणारी कमाई मिळून २०१७-१८ या वर्षी देशाचे सुमारे १ लाख ७७ हजार कोटी रुपयांचे नुकसान झाले, असा अर्थतज्ज्ञांचा अभ्यास सांगतो. ही रक्कम देशाच्या सकल उत्पन्नाच्या एक टक्क्याहून अधिक होती. तंबाखूवरच्या उत्पादन शुल्कातून मिळणाऱ्या दर १०० रुपयांमागे समाजाला ८१६ रुपयांची झळ बसते, असा त्याचा हिशेब निघाला. यातला मोठा भार आजारी माणसाच्या घरावरच पडतो.

गैरसमज ४ : ‘बिडी गरिबाची; तिच्यावर कर नको.’

वस्तुस्थिती : या युक्तिवादामागे कळकळ आहे, पण त्याने गरिबाचे भले होत नाही. देशात सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षा बिडी ओढणारे जास्त आहेत : २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी ७.७ टक्के बिडी ओढत होते, तर ४ टक्के सिगारेट. बिडीचा धूरही कर्करोग आणि फुप्फुसाचे विकार देतोच. तरीही नव्या रचनेत बिडीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आणला आणि तेंदूपत्त्यावरचा १८ वरून ५ टक्क्यांवर. म्हणजे बिडीच्या किमतीत जीएसटीचा वाटा जेमतेम पंधरा टक्के उरतो. सिगारेट महागली की माणूस बिडीकडे वळावा, अशीच ही सोय झाली आहे.

बिडी कामगारांचे काय, हा प्रश्न रास्त आहे. सोलापुरात हजारो बाया बिड्या वळून घर चालवतात. पण त्यांना मजुरी मिळते ती हजार बिड्यांमागे, आणि कर कमी झाला म्हणून ती आपोआप वाढत नाही. उलट, कामगारांचे दवाखाने, घरे आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या यांसाठी बिडीवर जो कल्याण उपकर होता, तो २०१७ मध्ये जीएसटी येताना रद्द झाला. कामगारांची खरी काळजी असेल, तर बिडीवरच्या करातला ठरावीक हिस्सा त्यांच्या पर्यायी रोजगारासाठी राखून ठेवावा.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. त्याच पाहणीनुसार राज्यात ओढणारे प्रौढ ४ टक्क्यांहूनही कमी होते, तर तंबाखू खाणारे किंवा मिश्री लावणारे २४ टक्क्यांच्या वर. फक्त सिगारेटच्या पाकिटावर नजर ठेवणारे करधोरण आपल्याकडे बहुतेकांपर्यंत पोहोचतच नाही.

गैरसमज ५ : ‘कर वाढला की तस्करी वाढणारच.’

वस्तुस्थिती : तस्करी थांबते की फोफावते, हे मुख्यतः तपासणी, सीमाशुल्क यंत्रणा आणि भ्रष्टाचार यांवर अवलंबून असते. ब्रिटनने २००० नंतर कर चढे ठेवूनही कडक अंमलबजावणीने बेकायदा सिगारेटींचा बाजारातला हिस्सा निम्म्यावर आणला. भारतात हा हिस्सा एकपंचमांश किंवा त्याहून जास्त असल्याचे उद्योगक्षेत्रातून सांगितले जाते. पण शहरांतल्या दुकानांतून पाकिटे गोळा करून केलेल्या एका स्वतंत्र अभ्यासात तो तीन टक्क्यांहूनही कमी आढळला. तस्करीवर उपाय पहाऱ्याचा आहे, करकपातीचा नाही.

गैरसमज ६ : ‘ई-सिगारेट कर भरून विकता येते; ती फक्त महाग आहे.’

वस्तुस्थिती : भारतात ई-सिगारेटवर किती कर, हा प्रश्नच उद्भवत नाही. २०१९ च्या कायद्याने तिचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात या सगळ्यांवर बंदी आहे. विक्रेत्याला पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. पुन्हा सापडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. ऑनलाइन किंवा ओळखीतून मिळणारी प्रत्येक ‘व्हेप’ बेकायदा मार्गानेच आलेली असते. बिल दाखवले म्हणून ती कायदेशीर ठरत नाही. ब्रिटनमध्ये ई-सिगारेटला परवानगी आहे. तिथे तिच्या द्रवावर ऑक्टोबर २०२६ पासून स्वतंत्र शुल्क लावण्याचे ठरले आहे. परदेशातल्या नातलगाकडून ‘येताना एक घेऊन ये’ म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावे : आपल्याकडे आयातीलाही बंदी आहे.

या सगळ्याचा निष्कर्ष साधा आहे. तंबाखूवरचा कर जीव वाचवतो. पण तो दरवर्षी वाढला पाहिजे आणि बिडी, सिगारेट, खाण्याची तंबाखू यांत पळवाट ठेवता कामा नये. महाराष्ट्रात २०२० पासून सुट्या सिगारेटी आणि बिड्या विकण्यावर बंदी आहे, तीही टपरीटपरीवर पाळली गेली पाहिजे. कारण एक-एक सुटी विकत घेणाऱ्याला पाकिटाची वाढलेली किंमत बोचत नाही. आणि भाव वाढल्याने तुमच्या घरात कुणी ‘आता सोडावी’ म्हणत असेल, तर तो क्षण वाया जाऊ देऊ नका. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत मदतवाहिनी आहे : १८००-११-२३५६. त्यांच्या शेजारी बसून हा फोन लावून द्या.