जादा ट्रान्झिस्टर ठेवताना सेल काढा

१० जुलै २०२४ रोजी सकाळी कळमनुरी तालुक्यात ४.५ तीव्रतेच्या भूकंपाचा धक्का जाणवला. अशा वेळी वीज गेली, मोबाइल लागेना, तर घरातला जादा ट्रान्झिस्टर कामी येतो. पण तो सेलसकट फळीवर ठेवाल, तर ऐनवेळी बोलणारच नाही. बंद रेडिओतही सेलचे जस्ताचे कवच झिजते, आतला द्राव पाझरतो आणि स्प्रिंगा गंजतात.

म्हणून आधी सेल काढा. स्प्रिंगा कोरड्या फडक्याने पुसा. रेडिओ व सेल वेगवेगळे, कोरड्या जागी ठेवा. खताची पोती, चूल अन् ओली भिंत यांपासून लांब. महिन्यातून एकदा सेल घालून बातम्या ऐका, मग पुन्हा काढा. जुने-नवे सेल एकत्र मात्र घालू नका.