घर पाहावें वाचून

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण ज्या काळीं रूढ झाली, त्या काळीं घर बांधणारा गृहस्थ स्वतः विटा मोजून घेत असे आणि सुताराशीं हुज्जत घालीत असे. घराची कटकट त्याच्या डोळ्यांदेखत घडत असल्यामुळें ती त्याला पुरती ठाऊक असे. आजच्या मुंबई-पुण्याकडील सुशिक्षित कुटुंबाच्या वांट्याला ही कटकट येत नाहीं. त्याला घर आयतें मिळतें, रंग दिलेलें, नळ जोडलेलें, चौथ्या किंवा चौदाव्या मजल्यावर. त्याच्या वांट्याला येतात ते कागद. आणि चमत्कार असा, कीं नळ सोडून पाणी येतें कीं नाहीं हें पाहणारी माणसें कागदांचा गठ्ठा मात्र उघडूनही पाहत नाहींत. जन्मभराचा प्रॉव्हिडंट फंड एका सहीनें दुसऱ्याच्या हातीं जावयाचा असतो, आणि ती सही ‘वकील पाहतील’ एवढ्या भरंवशावर होते.

घर पसंत पडलें, भाव ठरला, विसार दिला; आतां घर आपलें झालें काय? झालें नाहीं. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा सांगतो कीं, शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किंमतीची स्थावर मिळकत नोंदणीकृत दस्तानेंच विकली जाते. शंभर रुपयांना आज दाराची कडीही येत नाहीं, तेव्हां प्रत्येक घर या नियमांत बसतें हें उघड आहे. विसार पावती ही केवळ व्यवहाराच्या आरंभाची खूण. तिच्यानंतर येतें तें साठेखत, म्हणजे विकण्याचा करार. आणि मालकी ज्यानें पालटते तें खरेदीखत. पुष्कळ कुटुंबें साठेखत करूनच निश्चिंत होतात. साठेखतानें दुसऱ्या पक्षाला करार पाळावयास लावण्याचा अधिकार मिळतो. परंतु त्या कायद्याच्या शब्दांत सांगावयाचें तर तेवढ्यानें मिळकतीवर कसलाही हक्क उत्पन्न होत नाहीं. साठेखतांतच ताबा देण्याची अट असली, तर महाराष्ट्रांत खरेदीखताइतकें मुद्रांक शुल्क तेव्हांच भरावें लागतें. तें करारांतील किंमत आणि सरकारी वार्षिक मूल्यदर तक्त्याप्रमाणें येणारी किंमत यांपैकीं जी अधिक असेल तिच्यावर आकारतात. आणि सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आंत दस्त नोंदणीसाठीं हजर केला पाहिजे, हेंही विसरूं नये.

जुनें घर घेतांना विकणाऱ्याच्या हातीं तें कसें आलें, आणि त्याला ज्यानें दिलें त्याच्या हातीं तें कसें आलें, अशी साखळी मागें मागें तपासावी लागते. वकील साधारणतः तीस वर्षांचा शोध घेतात. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयांतील सूची क्रमांक दोनचा उतारा हा या शोधाचा कणा होय. कोणी, कोणाला, काय व केवढ्याला दिलें हें त्यांत एका पानावर वाचावयास मिळतें. या साखळींतील प्रत्येक दस्ताची मूळ प्रत पाहण्याचा आग्रह धरावा. ‘मूळ प्रत सांपडत नाहीं, झेरॉक्स घ्या’ असें विकणारा म्हणूं लागला, तर ती बँकेच्या तिजोरींत गहाण पडली असण्याचा संभव आधीं मनांत आणावा. ती खरोखरीच हरवली असेल, तर पोलिसांत तक्रार व वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस देण्याची त्याची तयारी असली पाहिजे. सातबारा उतारा किंवा शहरांतील मिळकत पत्रिका यांवर नांव आहे म्हणून मालकी सिद्ध झाली, अशी एक समजूत फार पसरली आहे. हे कागद मुळांत सरकारी महसुलाच्या सोयीचे. ते पाहावेत अवश्य, पण त्यांच्यावरच भिस्त ठेवूं नये.

कुलमुखत्यारपत्रावर घर विकण्याची एक पद्धत मध्यंतरी फार बोकाळली होती. मुद्रांक वांचतो, कर वांचतो, आणि मालक परगांवीं असला तरी काम अडत नाहीं, असे तिचे गुण सांगितले जात. सर्वोच्च न्यायालयानें २०११ च्या ऑक्टोबरांत सूरज लॅम्प खटल्यांत स्पष्ट सांगितलें कीं, मुखत्यारपत्र, साठेखत व मृत्युपत्र अशी तिहेरी मोट बांधून मालकी हस्तांतरित होत नाहीं. शिवाय साधारण मुखत्यारपत्र तें देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपतें. परदेशीं असलेल्या मुलाच्या वतीनें वडिलांनीं सही करावी, यांत गैर कांहीं नाहीं. तेथें मुखत्यार केवळ हात असतो आणि विकणारा मुलगाच असतो. पण मुखत्यारपत्र हेंच विक्रीचें साधन म्हणून कोणी पुढें करूं लागल्यास तेथून उठावें. ‘कांहीं रक्कम रोख द्या’ या सूचनेचेंही तेंच. स्थावराच्या व्यवहारांत वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीनें घेण्यास १ जून २०१५ पासून आयकर कायद्याची बंदी आहे. आणि व्यवहार मोडला तर अशा रोख रकमेची पावती कोणत्या न्यायालयांत दाखवावयाची?

अजून बांधून न झालेलें घर घेणाऱ्याची स्थिति अधिक नाजूक असते. दरमहा एका हातानें राहत्या घराचें भाडें आणि दुसऱ्या हातानें न दिसणाऱ्या घराचा बँकेचा हप्ता भरणारीं कुटुंबें आपल्याकडे थोडीं नाहींत. त्यांचे हाल पाहूनच २०१६ चा स्थावर संपदा कायदा झाला व त्याखालीं महाराष्ट्रांत ‘महारेरा’ हें प्राधिकरण २०१७ पासून काम करूं लागलें. भूखंड पांचशें चौरस मीटरहून मोठा आणि घरें आठांहून अधिक असलीं, तर प्रकल्पाची नोंदणी झाल्यावांचून जाहिरातसुद्धां करतां येत नाहीं. नोंदणीचा क्रमांक घेऊन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहिलें, कीं मंजूर नकाशे, ताबा देण्याची कबूल तारीख, जमिनीवरील बोजा व चालू असलेले खटले हें सर्व घरबसल्या दिसतें. नोंदणीकृत करारापूर्वीं किंमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम बांधकाम करणाऱ्यानें मागूं नये. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकीं सत्तर टक्के निराळ्या खात्यांत ठेवून ते त्याच कामाच्या जमिनीवर व बांधकामावर खर्च झाले पाहिजेत. ठरलेल्या तारखेस ताबा न मिळाल्यास ग्राहकाला दोन वाटा मोकळ्या आहेत. व्याजासह सर्व पैसे परत घ्यावेत, किंवा घर हवेंच असेल तर ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज घ्यावें. ताब्यानंतर पांच वर्षांच्या आंत बांधकामाचा दोष निघाला, तर तो विनामोबदला दुरुस्त करून देणें हेंही त्याच्यावर बंधनकारक आहे.

क्षेत्रफळाचा घोळ आतां बराच मिटला आहे. भाव चटई क्षेत्रावर ठरवावा. बाहेरच्या भिंती, बाल्कनी व गच्ची त्यांत येत नाहींत, आंतील भिंती येतात. ‘बिल्ट-अप’ आणि ‘सुपर बिल्ट-अप’ हे शब्द कानीं पडल्यास ते तेथेंच सोडून द्यावेत.

घर ताब्यांत आलें, संस्था स्थापन झाली, तरी इमारतीखालची जमीन कोणाच्या नांवावर आहे, हा प्रश्न विचारावयाचा राहून जातो. महाराष्ट्राच्या १९६३ च्या मालकी सदनिका कायद्यानें ती संस्थेच्या नांवें करून देण्याचा भार बांधकाम करणाऱ्यावर टाकला आहे. परंतु तो भार उचलण्याची घाई त्याला क्वचितच असते. म्हणून २००८ च्या दुरुस्तीनें मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली. संस्थेनें जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करावा, म्हणजे मूळ मालकाच्या सहीवांचूनही दस्त होऊं शकतो. इमारत नवी असतांना याची किंमत कळत नाहीं. ती पडावयास आली आणि पुनर्विकासाच्या गोष्टी सुरू झाल्या, म्हणजे जमिनीचा मालक दाराशीं येऊन उभा राहतो.

विकणाऱ्याची बाजू त्या मानानें सोपी. पन्नास लाख किंवा त्याहून अधिक किंमतीच्या घरांत घेणारा एक टक्का कर कापून सरकारांत भरतो, त्याचा दाखला मागून घ्यावा. महानगरपालिकांच्या हद्दींत संस्थेला हस्तांतरणासाठीं पंचवीस हजारांहून अधिक अधिमूल्य घेतां येत नाहीं, अशी मर्यादा २००१ च्या शासकीय परिपत्रकानें घातली आहे. ‘इमारत निधीला देणगी’ या गोंडस नांवाखालीं अधिक रक्कम मागणाऱ्या कार्यकारी मंडळाला तें परिपत्रक दाखवावें.

सर्वांत अधिक अश्रु ज्या कागदापायीं गळतात, तो मात्र फार छोटा आहे. गृहनिर्माण संस्थेंतील नामनिर्देशनाचा तो अर्ज. एखादा गृहस्थ चांगल्या हेतूनें तेथें थोरल्या मुलाचें नांव घालतो, ‘धावपळ तोच करील’ म्हणून. त्याच्या पश्चात् थोरल्याला वाटतें, वडिलांनीं घर आपणांस दिलें; धाकट्याला आणि लग्न झालेल्या बहिणीला वाटतें, आपणांस फसविलें; आणि आई दोहोंच्या मध्यें मुकाट बसते. खरें पाहतां वडिलांनीं कोणासच कांहीं दिलेलें नसतें. नामनिर्देशित व्यक्ति ही वारसांच्या वतीनें सांभाळ करणारी. मालकी ठरते ती मृत्युपत्रानें, आणि मृत्युपत्र नसल्यास वारसाहक्काच्या कायद्यानें. २०१९ सालीं सहकारी संस्थांच्या कायद्यांत झालेल्या दुरुस्तीनें तर ही गोष्ट शब्दांत आली. कायदेशीर वारस सभासद होईपर्यंत अशी व्यक्ति केवळ तात्पुरती सभासद असते. थोरल्यालाच घर द्यावयाचें असेल, तर दोन साक्षीदारांसमक्ष मृत्युपत्र करावें. द्यावयाचें नसेल, तर त्याचें नांव कां घातलें हें इतर मुलांना हयातींतच सांगावें. एवढें बोलणें घराघरांत टाळलें जातें.

आतां भाड्याच्या घराकडे वळावें. भाड्याचा करार अकरा महिन्यांचाच कां, असें विचारलें तर बहुतेक जण ‘तशी पद्धत आहे’ असें उत्तर देतात. तिचें मूळ १९०८ च्या नोंदणी कायद्यांत आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, म्हणून नोंदणी टाळण्यासाठीं एक महिना कमी. ही युक्ति महाराष्ट्रांत आतां निरुपयोगी झाली आहे, हें मात्र पुष्कळांच्या गांवींही नाहीं. ३१ मार्च २००० पासून अंमलांत आलेल्या भाडेनियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणें लीव्ह अँड लायसन्सचा करार, मुदत कितीही थोडी असली तरी, लेखी व नोंदणीकृतच असला पाहिजे. ती जबाबदारी घरमालकाची आहे. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पांच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. आणि याहून महत्त्वाचें म्हणजे वाद उत्पन्न झाल्यास कराराच्या अटींविषयीं राहणाराचें म्हणणें, उलट सिद्ध होईपर्यंत, खरें धरलें जातें. खर्च पाहावा तर महिना तीस हजार भाडें, एक लाख अनामत आणि अकरा महिन्यांची मुदत असल्यास पाव टक्का दरानें मुद्रांक सुमारें साडेआठशें रुपये होतो. नोंदणीची फी महानगरपालिकेच्या हद्दींत एक हजार. एवढ्यासाठीं पाठ फिरविणारा मालक मागाहून वकिलाला किती देतो, याचा हिशेब त्यानेंच करावा.

‘भाडेकरू’ आणि ‘लायसन्सी’ या दोन शब्दांमागें मुंबईचा मोठा इतिहास आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ सालीं, येथें भाड्यावर निर्बंध आले. १९४७ च्या कायद्यानें १ सप्टेंबर १९४० चें भाडें हें प्रमाण मानून तें गोठविलें. महागाई वाढत गेली, भाडें जागच्या जागीं राहिलें. मालकांनीं दुरुस्ती सोडली आणि नवें घर भाड्यानें देण्याचेंही सोडलें. त्यांतून ‘परवानगीनें राहणारा’ हा नवा प्रकार निघाला. १ फेब्रुवारी १९७३ रोजीं जे असे राहत होते, त्यांना कायद्यानें एकदम भाडेकरू ठरविलें. त्या एका तारखेची धास्ती आजही वृद्ध मालकांच्या मनांतून गेलेली नाहीं. घर रिकामें ठेवतील, पण भाड्यानें देणार नाहींत. ती धास्ती आतां अनाठायीं आहे. मुदत संपल्यावर लायसन्सी न गेल्यास मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागतां येते, आणि जास्त राहिलेल्या काळासाठीं दुप्पट शुल्क वसूल करतां येतें. लायसन्सीनें आपल्या बाजूनें अनामत बँकेमार्फत द्यावी, ती परत करण्याचा दिवस करारांत लिहून घ्यावा आणि राहावयास येतांना भिंतींवरचे डाग व मीटरचे आंकडे यांचीं छायाचित्रें काढून ठेवावीं. वाद शेवटीं पडतो तो रंगाच्या खर्चावरूनच.

गिरगांव, दादर, परळ या भागांतील जुन्या चाळींतून आजही पागडीचीं घरें आहेत. पागडी घेणें पूर्वीं गुन्हा होता. १९९९ च्या कायद्यानें भाडेकरूस हक्क सोडतांना मोबदला घेण्याची व मालकास हस्तांतरणाला संमति देतांना रक्कम घेण्याची मुभा दिली. तरीही पागडीचें घर घेणारा मालक होत नाहीं, भाडेकरूच राहतो. म्हणून मालकाची लेखी संमति आणि आपल्या नांवाची भाडेपावती हातीं येण्यापूर्वीं पैसे देऊं नयेत. वडिलांच्या नांवची पावती त्यांच्या निधनानंतर वर्षानुवर्षें तशीच चालूं देणें हें या चाळींतून सर्रास दिसतें. कायदा भाडेकरूचा हक्क त्याच्या मृत्यूसमयीं त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे देतो. तेव्हां त्या वेळचें रेशनकार्ड, मतदारयादींतील नांव, विजेचें बिल हे पुरावे जपून ठेवावेत आणि पावती बदलून देण्याविषयीं मालकास पोंचपावतीच्या टपालानें पत्र पाठवावें. मालकानें उत्तर दिलें नाहीं, तरी त्या पत्राची नक्कल व पोंचपावती भाडेपावत्यांच्या फाइलींत लावून ठेवावी.