प्राथमिक शाळेंतील शास्त्र आणि उत्तरें देणारें यंत्र

'उन्हाळ्यांत उकडतें कां?' असें चौथीच्या वर्गांत विचारलें, तर एखादा मुलगा चटकन् सांगतो, 'पृथ्वी सूर्याच्या जवळ येते म्हणून.' वस्तुतः ती सूर्याच्या अगदीं जवळ असते जानेवारीच्या आरंभीं, ऐन थंडींत. तेव्हां अंतर सुमारें १४.७ कोटि किलोमीटर असतें. जुलैच्या आरंभीं तें १५.२ कोटि होतें. हाच प्रश्न चॅटजीपीटीसारख्या यंत्रास घातला, तर तें बहुधा पृथ्वीच्या आंसाचा कल सांगून क्षणार्धांत बरोबर उत्तर देईल. मग शिक्षकास काय उरलें?

नोव्हेंबर २०२२ मध्यें लोकांपुढें आलेलें हें यंत्र, अपार मजकुरावरून, कोणत्या शब्दामागें कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हें शिकलेलें आहे. सावली त्यानें कधीं मोजलेली नाहीं. त्याचें खरें आणि चुकीचें उत्तर सारख्याच ठाम स्वरांत येतें, आणि बालकास तो ठामपणा फार लौकर पटतो. (मोठ्यांसही पटतो, हें निराळें.) पुण्याच्या एखाद्या शाळेच्या अंगणांत हातभर काठी रोवून मुलांनीं भर दुपारीं सावली मोजावी. डिसेंबरांत ती जवळजवळ काठीएवढी भरते. मेच्या मध्यास एके दिवशीं पायाशींच नाहींशी होते. हें ज्यानें पाहिलें, त्यालाच 'कल' ह्या शब्दांत कांहीं अर्थ सांपडतो.

तथापि यंत्र सर्वथा वर्ज्य करावें, असें नव्हे. गूगलनें २०१७ मध्यें काढलेल्या 'टीचेबल मशीन'ला मुलेंच शिकवूं शकतात. आंब्याच्या व जांभळीच्या पानांचीं पुष्कळ चित्रें दाखविलीं, कीं नवें पान कोणतें हें तें सांगूं लागतें. पण आंब्याचीं सगळीं पानें काळ्या पाटीवर आणि जांभळीचीं पांढऱ्या कापडावर ठेवून दाखविलीं असतील, तर पाटीवरच्या जांभळीच्या पानासही तें आंबा म्हणण्याचा संभव असतो; कारण तें पान न शिकतां पाटीच शिकलें! ही चूक मुलांनीं हुडकून काढावी, पाटी बदलून पुन्हा पाहावें. येथें यंत्र गुरु नसून प्रयोगाची वस्तु होतें, आणि प्राथमिक शाळेंत त्याचा हाच उपयोग सर्वांत चांगला.

प्रश्नोत्तरांचें यंत्र वापरावयाचेंच, तर मुलांचा अंदाज आधीं वहींत लिहून घ्यावा. चॅटजीपीटीच्या नियमांप्रमाणें तेरा वर्षांखालील मुलांनीं तें वापरावयाचें नाहीं. तेव्हां प्रश्न घालण्याचें काम शिक्षकानें किंवा घरीं आईबापांनींच करावें, आणि तेंही सावली मोजून झाल्यावर.