दहा माणसांची जमात

तरावीहची गर्दी सगळ्यांना दिसते. इशाची अजान झाली की रस्त्यावर टोप्याच टोप्या दिसतात, मशिदीच्या पायऱ्यांवर चपलांचा ढीग पडतो. पण मशीद कोणाच्या जिवावर चालते हे बघायचं असेल तर ईद उलटल्यावर एखाद्या साध्या दिवशी फज्रच्या नमाजला जावं. तेव्हा पाच-सात वयस्कर माणसं असतात. कुणी दिवे लावतो, कुणी चटया सरळ करतो, कुणी गुडघेदुखीमुळे खुर्चीवर बसूनच नमाज पढतो. एखादा दोन दिवस दिसला नाही तर तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी माणूस जातो. मंदिरातल्या काकड आरतीला किंवा चर्चमधल्या सकाळच्या प्रार्थनेला येणारी मंडळीही बहुधा अशीच असतात.

२७ ऑक्टोबर २०१८ च्या शनिवारी अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात जी ११ माणसं मारली गेली, ती या प्रकारची होती. शनिवार हा ज्यूंचा, ज्यांना उर्दूत आपण यहुदी म्हणतो त्यांचा, शब्बाथ म्हणजे विश्रांतीचा आणि सामूहिक प्रार्थनेचा दिवस. ‘ट्री ऑफ लाइफ’ नावाच्या सिनेगॉगच्या इमारतीत तीन वेगवेगळ्या जमाती आपापली प्रार्थना करत. सकाळी पावणेदहाची वेळ. तरुण कुटुंबं, लहान मुलं सावकाश येणार होती. वेळेवर हजर होते ते नेहमीचे लोक, दारात उभं राहून येणाऱ्याच्या हातात प्रार्थनेचं पुस्तक देणारे. बंदूकधारी आत शिरला तेव्हा तेच त्याच्या समोर सापडले. मृतांत सर्वांत लहान ५४ वर्षांचा होता आणि सर्वांत वयस्कर आजी ९७ वर्षांच्या.

ही माणसं लवकर का येतात, याला ज्यूंच्या धर्मात एक खास कारण आहे. त्यांच्या सामूहिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ माणसं लागतात. या दहांच्या गटाला हिब्रूत ‘मिन्यान’ म्हणतात. सनातनी जमातींत दहा पुरुषच मोजले जातात, इतर अनेक ठिकाणी स्त्रियाही. नऊ जण कितीही श्रद्धावान असले तरी दहावा येईपर्यंत तोराचं सार्वजनिक वाचन होत नाही आणि ‘कद्दिश’ म्हणता येत नाही. कद्दिश ही शोक करणाऱ्यानं म्हणायची प्रार्थना. आई किंवा वडील गेले की मूल अकरा महिने ती म्हणतं, पण एकट्यानं म्हणायची परवानगी नाही. म्हणजे दुःख एका घरचं असलं तरी ते उच्चारायला बाकीचे नऊ जण हजर लागतात. म्हणून काही लोक निव्वळ आकडा पूर्ण व्हावा, दुसऱ्या कुणाचा शोक अडकून पडू नये, एवढ्यासाठी पहाटे उठून येतात. मला या धर्मातली ही गोष्ट फार मोठी वाटते.

आपल्याकडे जमातीला इतकी मोठी संख्या लागत नाही, दोघंही पुरतात. पण जुम्यासाठी फिकहच्या वेगवेगळ्या शाखांत आकडे ठरलेले आहेत. कोकणी मुसलमान शाफई असल्यामुळे त्यांच्याकडे चाळीसची अट परंपरेनं सांगितली जाते, हनफी मंडळींचं इमाम धरून चौघांत भागतं. हिशेब वेगळा असला तरी मागचा विचार एकच: देवाकडे जाताना शेजारी बरोबर हवा.

मी उर्दू आणि मराठी दोन्हींत वावरतो, त्यामुळे हिब्रू शब्द कानावर पडले की ओळखीचे वाटतात. हिब्रू आणि अरबी या सख्ख्या बहिणी. आपण रोज्याला अरबीत ‘सौम’ म्हणतो, ते उपासाला ‘त्सोम’ म्हणतात. रमजानमध्ये आपण सदका काढतो, त्यांच्याकडे ‘त्सेदाका’ आहे. सिनेगॉगला हिब्रूत ‘बेत क्नेसेत’ म्हणजे जमण्याचं घर म्हणतात, आणि जामा मशिदीतल्या ‘जामा’चा अर्थही जमवणारी असाच आहे. मयताला अंघोळ घालण्याच्या विधीला ते ‘तहारा’ म्हणतात आणि आपली तहारत त्याच धातूतून आलेली. त्यांच्याकडेही ही अंघोळ जमातीतलेच लोक घालतात, पुरुषाला पुरुष आणि स्त्रीला स्त्रिया. साधं पांढरं कफन असतं. दफन होईपर्यंत मयताला एकटं सोडत नाहीत.

पिट्सबर्गच्या घटनेनंतर दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी शहरातल्या एका मोठ्या सभागृहात शोकसभा झाली. तिथं पिट्सबर्गच्या इस्लामिक सेंटरचे तेव्हाचे कार्यकारी संचालक वासी मोहम्मद बोलायला उभे राहिले. मुस्लिमांनी सुरू केलेल्या निधीत तोपर्यंत ७० हजार डॉलर जमल्याचं त्यांनी सांगितलं. हा पैसा दफनाच्या खर्चासाठी आणि जखमींच्या उपचारांसाठी होता, पुढे तो दोन लाख डॉलरच्या वर गेला. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते त्यांचं पुढचं बोलणं. तुमच्या पुढच्या प्रार्थनेच्या वेळी बाहेर कुणी पहाऱ्याला उभं राहायला हवं असेल तर सांगा. बाजारात एकटं जायची भीती वाटत असेल, कुणी सोबत यायला हवं असेल, तरी सांगा, आम्ही येऊ. सभागृह उठून उभं राहिलं. पैसे देणं तसं सोपं असतं, विशेषतः इंटरनेटवरून. वाण्याकडे सोबत येतो, हे शेजारीच म्हणू शकतो.

मारेकऱ्याला या लोकांचाच राग का आला, हे आपल्याकडे कमी लोकांना माहीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रशियातून जीव मुठीत धरून पळालेल्या ज्यूंना मदत करण्यासाठी अमेरिकेत एक संस्था उभी राहिली. आज तिचं नाव ‘हायस’. ज्यू निर्वासित कमी झाल्यावर तिनं काम बंद केलं नाही. आज ती कुठल्याही धर्माच्या निर्वासितांना मदत करते आणि त्यात मुसलमानही आहेत. ‘ट्री ऑफ लाइफ’च्या इमारतीत भरणाऱ्या तीन जमातींपैकी एका जमातीनं या संस्थेच्या निर्वासितांसाठीच्या शब्बाथ उपक्रमात भाग घेतला होता. मारेकऱ्यानं हल्ल्याच्या काही मिनिटं आधी समाजमाध्यमावर याच संस्थेचं नाव लिहिलं. ती आपल्या देशात घुसखोर आणते, असा त्याचा आरोप. म्हणजे परक्यांना आसरा दिला म्हणून या वयस्कर ज्यूंना मरण आलं, आणि त्या परक्यांत आपलेही होते. द्वेष करणाऱ्यांच्या वहीत ज्यूंचं पान आणि मुसलमानांचं पान असं वेगळं नसतं. २०२३ मध्ये ज्यूरीनं त्याला दोषी ठरवलं आणि देहदंडाचा निर्णय दिला.

पाच महिनेही झाले नव्हते. १५ मार्च २०१९, शुक्रवार, न्यूझीलंडमधलं क्राइस्टचर्च. जुम्याच्या वेळी दोन मशिदींत गोळीबार झाला, ५१ जण गेले. तेव्हा ज्यांनी लगेच मदतनिधी सुरू केला त्यांत पिट्सबर्गची ज्यू संघटना होती. आपल्याकडच्या लग्नघरांत आहेराची वही ठेवतात, कुणी काय दिलं ते पाहून परत द्यायला. ही तशी परतफेड नव्हती. असं घडल्यावर पहिल्या आठवड्यात कशाची गरज पडते, हे त्यांना नुकतंच कळलं होतं.

कॅनडातल्या टोरांटोतही याच वर्षांत असं घडलं. जानेवारी २०१७ मध्ये क्वेबेक सिटीच्या मशिदीत सहा नमाजी मारले गेले, तेव्हा पुढच्या शुक्रवारी टोरांटोत ज्यू आणि ख्रिस्ती लोकांनी मशिदींभोवती हात धरून कडं केलं. पिट्सबर्गनंतरच्या शनिवारी मुसलमान आणि इतर लोक तिथल्या सिनेगॉगांभोवती तसेच उभे राहिले. त्याच्याही आधी, फेब्रुवारी २०१५ मध्ये, कोपनहेगनच्या सिनेगॉगचा पहारेकरी मारला गेल्यावर ऑस्लोतल्या मुस्लिम तरुणांनी तिथल्या सिनेगॉगभोवती माणसांचं कडं उभारलं होतं. कडाक्याच्या थंडीत हजारावर लोक आले. आयोजकांपैकी एकानं काही वर्षांपूर्वी ज्यूंविरुद्ध जाहीर भाषण केलेलं होतं, त्यानं तिथं उभं राहून माफी मागितली.

माझ्या मनात मात्र जास्त घर करून आहे ती टेक्सासमधल्या व्हिक्टोरिया या गावाची हकीकत. २८ जानेवारी २०१७ च्या पहाटे तिथली मशीद जाळली गेली. गावात ज्यूंची घरं थोडी, मुसलमानांची संख्या त्यांच्यापेक्षा पुष्कळ जास्त. गावातल्या सिनेगॉगचे अध्यक्ष मशिदीच्या एका संस्थापकाच्या घरी गेले आणि सिनेगॉगची किल्ली हातात ठेवून आले, तुमची मशीद उभी राहीपर्यंत आमची जागा वापरा म्हणून. त्या सिनेगॉगचं नाव टेम्पल बने इस्रायल. बने इस्रायल, म्हणजे बनी इस्राईल. कुरआन वाचणाऱ्या कुणालाही हे नाव सांगावं लागत नाही. मशीद पुढे नव्यानं बांधून झाली. आग लावणाऱ्याला २४ वर्षांहून अधिक शिक्षा झाली.

आणि हे नाव मराठी माणसालाही परकं नाही. अलिबागला इस्राएल आळी आहे. परंपरा सांगते की फार पूर्वी नवगावजवळ जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपल्याकडचे बेने इस्राएल वाढले. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी काम बंद, म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. दिवेकर, केहिमकर, रोहेकर ही त्यांची आडनावं. मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधलं. या सामाजींबद्दल अशी कथा आहे की ते कंपनीच्या फौजेत असताना टिपू सुलतानच्या कैदेत सापडले. जात विचारल्यावर ‘बनी इस्राईल’ असं उत्तर आलं, तेव्हा टिपूच्या आईनं त्यांना जीवदान द्यायला सांगितलं, कारण हे नाव कुरआनात आहे. सुटल्यावर त्यांनी सिनेगॉग बांधलं. त्याचं हिब्रू नाव ‘शार हारहमीम’, म्हणजे दयेचा दरवाजा. लोकांच्या तोंडी मात्र ते ‘जुनी मशीद’ झालं, कारण बेने इस्राएल आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत. जवळच्या रेल्वे स्थानकाचं मस्जिद हे नाव त्यावरूनच पडलं, असंही अनेक जण मानतात.

त्याच मुंबईत नोव्हेंबर २००८ मध्ये नरिमन हाउसमध्ये रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग, त्यांची पत्नी आणि त्यांचे पाहुणे मारले गेले. त्यानंतर जे घडलं ते आपण पटकन विसरलो. मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना मरीन लाइन्सच्या बड्या कबरस्तानात जागा द्यायला मुंबईच्या जामा मशीद ट्रस्टनं नकार दिला. मयताला माती देणं हे मुसलमानावर किती मोठं कर्तव्य आहे, ते ज्याला ठाऊक आहे त्यालाच या नकाराचं वजन कळेल. वर्षाहून अधिक काळ ते मृतदेह शवागारात पडून होते.

इफ्तारच्या दस्तरखानावर हा विषय काढला की एक प्रश्न येतोच: मग गाझाचं काय? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळू नये. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासनं इस्रायलमध्ये सुमारे १२०० माणसं मारली. त्यानंतर गाझात हजारो माणसं, त्यांत कितीतरी मुलं, बॉम्बखाली गेली. त्याचं दुःख आपल्याला होतं आणि व्हायलाच हवं, दुआत त्यांचं नाव येतं आणि यायलाच हवं. पण एका सरकारच्या फौजेचा हिशेब पिट्सबर्गच्या किंवा अलिबागच्या म्हाताऱ्याकडे मागायचा? कुठं स्फोट झाला की दुसऱ्या दिवशी कार्यालयात, वर्गात, बसमध्ये मुसलमानाकडे सगळ्यांच्या नजरा वळतात. तू काही बोलत का नाहीस, असं त्याला विचारलं जातं. न केलेल्या गोष्टीची सफाई देणं काय असतं हे ज्यांना रोजच्या जगण्यातून माहीत आहे, त्यांनी तरी ती दुसऱ्याकडे मागू नये. शिवाय २७ ऑक्टोबर २०२३ ला, पिट्सबर्गला बरोबर पाच वर्षं होत असताना, न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात युद्धबंदीची मागणी करत बसलेले आणि शेकड्यांनी अटक करून घेणारे लोक मुख्यतः ज्यूच होते.

धर्माचं म्हणणं विचाराल तर तेही स्पष्ट आहे. सूरह हजमध्ये अल्लाहचं नाव जिथं घेतलं जातं त्या जागांची गणना करताना मठ, चर्च आणि सिनेगॉग मशिदीबरोबर येतात. मदिनेत एकदा समोरून जनाजा जात असताना पैगंबर (स.) उठून उभे राहिले. मयत यहुद्याचं आहे असं कुणी सांगितलं, तेव्हा त्यांनी उलट विचारलं की तो जीव नव्हता का. ही हदीस बुखारीत आहे, रमजानच्या बयानांत मात्र ती क्वचितच ऐकू येते. ती ऐकवली जावी असं मला वाटतं.

१९४८ च्या सुमारास बेने इस्राएल वीस हजारांच्या आसपास होते. बहुतेक इस्रायलला गेले, आज इथं राहिलेत ते काही हजार. कोकणातली त्यांची प्रार्थनास्थळं अजून उभी आहेत, पण अनेक ठिकाणी सणावारी मुंबई-ठाण्याहून माणसं आली तरच दहाचा आकडा पुरा होतो. एरवी राखणदार दार उघडतो, झाडलोट करतो आणि पुन्हा कुलूप लावतो. शेजारची अजान, देवळातली घंटा तिथं रोज ऐकू येते.