दोन छोटी कुत्री आणि एक लांबलचक रस्ता

प्रवासावर लिहायचं तर प्रवास करून आल्यावर, असा आपला समज. हा लेख मात्र प्रवासाआधीचा आहे. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर पर्थ शहरात माझी मावशी आणि काका राहतात. दोघंही यंदा निवृत्त झाले. ऑगस्टमध्ये कॅरव्हॅन घेऊन पर्थहून ॲडलेड, तिथून मेलबर्न आणि त्याच रस्त्याने परत, असा तीन महिन्यांचा बेत आहे. सोबत दोन कुत्री. लाडू तेरा वर्षांचा, माल्टीज जातीचा, पाच किलो वजनाचा. त्याला हृदयाची गोळी सुरू आहे. चिंगी चार वर्षांची, जॅक रसेल टेरिअर, सात किलोची. दिसेल ते तोंडात घालणारी.

या बेताची वही बेळगावात बसून मी सांभाळते. दर रविवारी व्हिडिओ कॉल होतो, मावशी बोलते, मी लिहिते. पहिल्याच रविवारी काका म्हणाले, "म्हाताऱ्या लाडूला बोर्डिंगमध्ये ठेवूया." मावशी म्हणाली, "मग मीही त्याच्याबरोबर बोर्डिंगमध्ये राहते." त्यावर ठरलं ते असं: तेरा वर्षांच्या कुत्र्याला झेपेल असा रस्ता आखता येतो का, ते आधी बघायचं. आला तर जायचं, नाही तर नाही.

आधी अंतर समजून घेऊ

कॅरव्हॅन म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं, चाकांवरचं घर. आत पलंग, शेगडी, फ्रिज, पाण्याची टाकी. निवृत्तीनंतर असं घर ओढत महिनोन्महिने फिरणारी माणसं तिथे इतकी आहेत की त्यांना 'ग्रे नोमॅड्स' असं नावच पडलंय. पिकल्या केसांचे भटके म्हणा हवं तर. गाडी चालू असताना मागच्या कॅरव्हॅनमध्ये माणसांनी बसायला कायद्याने बंदी आहे. कुत्र्यांनाही तिथे ठेवत नाहीत, कारण आत तापमान वाढलं किंवा कप्प्यातलं सामान अंगावर पडलं तरी पुढे कळत नाही. गाडी चालवणाऱ्याच्या मांडीवर प्राणी घेणं हाही गुन्हा आहे. त्यामुळे लाडू-चिंगी मागच्या सीटवर, हार्नेसला बेल्ट लावून बसणार.

पर्थ ते ॲडलेड सुमारे २,७०० किलोमीटर. त्यातला कस लागतो तो नॉर्समन ते सेडूना या १,२०० किलोमीटरमध्ये. हा नलरबॉरचा पट्टा. नावाचा उगम लॅटिन, अर्थ 'एकही झाड नाही'. बेळगाव ते पुणे साधारण ३४० किलोमीटर. म्हणजे हा पट्टा त्याच्या साडेतीन पट. आपल्याला पुण्याच्या वाटेवर निपाणी, कोल्हापूर, कराड, सातारा लागतात. तिथे लागतात ती रोडहाउसं: पेट्रोल पंप, चार खोल्या, खानावळ. नॉर्समन सोडलं की पहिलं रोडहाउस बॅलडोनिया, सुमारे १९० किलोमीटरवर. त्यापुढचं केग्युना आणखी १८० किलोमीटरवर, आणि या दोघांच्या मध्ये १४६ किलोमीटर रस्त्याला एकही वळण नाही.

अशा मुलुखात माणूस आजारी पडला तर विमानाने डॉक्टर येतो. जॉन फ्लिन या पाद्र्याने १९२८ साली सुरू केलेली फ्लाइंग डॉक्टर सेवा आजही चालू आहे. कुत्र्यासाठी विमान येत नाही. रोडहाउसांत पशुवैद्यही नसतो, आणि मोबाइलला मैलोन्मैल रेंज नसते. म्हणून वहीत मी एक वेगळं पान केलंय. त्यावर वाटेवरच्या प्रत्येक मोठ्या गावातल्या पशुवैद्याचा पत्ता आणि दोन गावांमधलं अंतर आहे. लाडूची गोळी तीन महिन्यांऐवजी चार महिन्यांची घ्यायची, अर्धी गाडीत आणि अर्धी कॅरव्हॅनमध्ये ठेवायची, असं मावशीने ठरवलं.

दिवसाला किती?

काकांचा पहिला हिशोब दिवसाला सहाशे किलोमीटरचा होता. लाडूच्या डॉक्टरांशी बोलून मावशीने तो तीनशेवर आणला. दर दोन तासांनी थांबायचं, दहा मिनिटं चालवायचं, पाणी द्यायचं. म्हणजे ॲडलेडपर्यंत गाडी चालवायचे नऊ दिवस आणि मध्ये विश्रांतीचे तीन, एकूण बारा. पहाटे आणि संध्याकाळी गाडी चालवायची नाही, कारण त्या वेळी कांगारू रस्त्यावर येतात. दोन-तीन ट्रेलर ओढणारे लांबलचक ट्रक, ज्यांना तिथे रोड ट्रेन म्हणतात, ते जिथे थांबतात तिथे कुत्री खाली उतरवायची नाहीत. उंच केबिनमधल्या ड्रायव्हरला पाच किलोचं कुत्रं दिसत नाही.

पाण्याचाही हिशोब केला. कुत्र्याला दिवसाला किलोमागे साधारण ६० मिलिलिटर पाणी लागतं. दोघांचं मिळून वजन बारा किलो, म्हणजे पाऊण लिटर. बारा दिवसांचे नऊ लिटर. उन्हाचा आणि अडकून पडण्याचा विचार करून मावशीने वीस लिटरचा वेगळा कॅन धरलाय. रोडहाउसांवर कॅरव्हॅनची टाकी भरायला पाणी मिळेलच असं नाही. पण एक लिटर म्हणजे एक किलो, आणि गाडी किती वजन ओढू शकते याला कायदेशीर मर्यादा असते. म्हणून वीस लिटर पाण्यासाठी काकांची एक फोल्डिंग खुर्ची आणि मासेमारीची पेटी घरी राहणार आहे.

खाण्याचं वेगळंच. ऑस्ट्रेलियात एका राज्यातून दुसऱ्या राज्यात फळं नेता येत नाहीत, फळमाशीची भीती असते. पूर्वेकडे जाताना सेडूनाला तपासणी, परत येताना राज्याच्या सीमेवर बॉर्डर व्हिलेजला. पश्चिम ऑस्ट्रेलियात मधसुद्धा नेता येत नाही. लाडूला सफरचंदाच्या फोडीत लपवून गोळी द्यायची सवय आहे. ती सवय मावशी आत्तापासूनच मोडतेय. आता गोळी चीजमध्ये जाते.

धोका वजनाच्या हिशोबाने मोठा होतो

ही गोष्ट मला या कामात नव्याने कळली. विष तेवढंच असतं, पण शरीर लहान असलं की ते जास्त भारी पडतं. तीस किलोच्या कुत्र्याला जे आजारी करतं, ते पाच किलोच्याचा जीव घेऊ शकतं.

पहिलं नाव '१०८०' या विषाचं, टेन-एटी म्हणतात. कोल्हे आणि रानटी कुत्री मारण्यासाठी ते मांसाच्या तुकड्यांत घालून टाकतात. कुत्र्यांवर ते फार जलद आणि क्रूरपणे चालतं, आणि त्यावर खात्रीचा उतारा नाही. गंमत अशी की पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या काही रानटी झुडपांत हेच विष निसर्गतःच असतं, त्यामुळे तिथल्या मूळ प्राण्यांना ते बरंच पचतं. बाहेरून आलेल्या कोल्ह्याला आणि आपल्या चिंगीला पचत नाही. विष खाऊन मेलेला प्राणी चघळला तरी तोच धोका. म्हणून चिंगीला जाळीचं मुसकं घालायचा सराव सुरू आहे. मुसकं घातलं की तिला धापा टाकता येतात, पाणी पिता येतं, पण काही उचलून खाता येत नाही. पहिले दोन आठवडे ती मुसकं बघून पलंगाखाली जायची. आता आतून खाऊ मिळतो म्हणून स्वतःच नाक घालते.

दुसरा गोचीड. आमच्या घरच्या कुत्र्याला गोचीड-ताप झाला होता, त्यामुळे हे पान मी जरा जास्तच मन लावून लिहिलं. आपल्याकडे सर्रास दिसणारा हा आजार, अर्लिकिओसिस, ऑस्ट्रेलियातल्या स्थानिक कुत्र्यांमध्ये २०२० साली पहिल्यांदा सापडला, तोही उत्तर भागात. पूर्व किनाऱ्यावर त्याहून वेगळा गोचीड आहे, पॅरालिसिस टिक. तो चावला की आधी मागचे पाय लटपटतात, भुंकण्याचा आवाज बदलतो, मग श्वास अडकतो. त्याचा जोर वसंतात आणि उन्हाळ्यात, म्हणजे तिथल्या सप्टेंबरपासून पुढे. औषध द्यायचंच, शिवाय रोज संध्याकाळी बोटांनी अंग चाचपायचं: कान, मान, काख, बोटांमधली जागा. गवताची टोकदार कुसळंही अशाच जागी शिरतात, तीही तेव्हाच सापडतात.

तिसरा केन टोड. उसावरच्या, आपल्या हुमणीसारख्या किडींचा बंदोबस्त करायला १९३५ साली क्वीन्सलंडमध्ये हे बेडूक आणून सोडले. कीड राहिली आणि बेडूक उत्तर ऑस्ट्रेलियाभर पसरले. त्यांच्या कातडीत विष असतं. चिंगीसारखीने एक तोंडात धरला तर ओल्या फडक्याने हिरड्या पुसत राहायचं आणि डॉक्टर गाठायचा.

नकाशा कसा लहान झाला

आता काकांच्या यादीकडे येऊ. त्यांना उलुरू बघायचं होतं, काकाडू बघायचं होतं, पुढे सिडनी, आणि जमलं तर टास्मानिया.

उलुरू आणि काकाडू ही राष्ट्रीय उद्यानं. ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत पाळीव कुत्री नेता येत नाहीत, या दोन्हींतही नाही. कॅरव्हॅनमध्ये बंद करून जावं म्हटलं, तर एसी वीज असेतोवरच चालतो. वीज गेली की थोड्या वेळात आत भट्टी होते, आणि कुत्र्याला जीव थंड ठेवायला धापा टाकण्यापलीकडे फारसं साधन नसतं. शिवाय उत्तरेला केन टोड, गोचीड-ताप, आणि पाण्याकाठी मगरी. उत्तर कापली.

सिडनीला पोचेपर्यंत ऑक्टोबर उजाडतो, म्हणजे पॅरालिसिस टिकचा हंगाम आणि त्याचाच किनारा. सिडनी कापली. टास्मानियाला जायचं तर कुत्र्याला आधीच्या चौदा दिवसांत पट्टकृमींचं औषध द्यावं लागतं. ते सोपं आहे. पण बोटीवर कुत्री खाली गाड्यांच्या डेकवर पिंजऱ्यात राहतात आणि प्रवासात मालकाला तिकडे जाता येत नाही. हृदयाचा त्रास असलेल्या लाडूला रात्रभर एकटं ठेवायला मावशी तयार नाही. टास्मानियाही कापलं.

उरलं ते पर्थ, नलरबॉर, ॲडलेड, मेलबर्न आणि परत. ऑगस्टच्या थंडीत निघायचं, ऑक्टोबर संपता संपता, ऊन कडक व्हायच्या आत घरी. छोट्या कुत्र्यांचा एक फायदाही झाला: काही कॅरव्हॅन पार्क फक्त लहान कुत्र्यांना घेतात, आणि साप चावला तर लाडूला न चालवता उचलून गाडीत ठेवता येतं. काका थोडे हिरमुसले. उलुरूला ते पुढच्या वर्षी एकटे जाऊन येणार आहेत. मावशीने त्याला लगेच होकार दिला, तेव्हा त्यांना थोडं वाईटही वाटलं.

तुमच्यापैकी कुणी कुत्रं घेऊन लांब निघणार असेल, अगदी आपल्या इथल्या इथे, तरी आमच्या वहीतला क्रम वापरून बघा. आधी कुत्र्याचं वय, वजन, आजार लिहा. मग दिवसाला किती किलोमीटर ते ठरवा. मग डॉक्टर कुठे आहेत ते बघा. बघायच्या जागांची यादी सगळ्यात शेवटी.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात लाडूची तपासणी आहे. डॉक्टरांनी छातीला नळी लावून 'नको' म्हटलं, तर कॅरव्हॅन अंगणातच राहील. ही अट काकांनी स्वतः सांगितली आणि मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतली आहे.