शाळेची प्रयोगशाळा आणि निर्जंतुकीकरण : यंत्राच्या आधी यादी

जून उजाडला की भोर, सासवड, सातारा भागातून येऊन पुण्यात स्वारगेटला उतरणाऱ्यांत शाळेच्या खरेदीला निघालेले विज्ञानशिक्षकही असतात. नववीला ‘उपयुक्त व उपद्रवी सूक्ष्मजीव’, दहावीला ‘सूक्ष्मजीवशास्त्राची ओळख’. तेव्हा प्रयोगशाळेत निर्जंतुकीकरणाचं काहीतरी हवं, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत असतं. घोटाळा होतो तो त्या ‘काहीतरी’त. तीन कोटेशनं मागवली जातात, त्यातलं स्वस्त ते घेतलं जातं आणि यंत्र डेडस्टॉक रजिस्टरमध्ये जाऊन बसतं. निर्जंतुक काय करायचं आहे, हे आधी कागदावर लिहिलं तर निम्मी खरेदी आपोआप ठरते. आड येतात ते काही पक्के बसलेले समज.

गैरसमज : दहा मिनिटं उकळलं की निर्जंतुक झालं.

वस्तुस्थिती : पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्यामुळे स्वारगेटला पाणी ९८ अंश सेल्सियसच्या आसपासच उकळतं. पण खरी अडचण त्या दोन अंशांची नाही. बॅसिलससारखे जिवाणू संकटकाळी जाड कवचाचे बीजाणू बनवतात आणि ते उकळत्या पाण्याला दाद देत नाहीत. वाळलेल्या गवताचा काढा उकळून कापसाचा बोळा लावून ठेवा. दोन-चार दिवसांत त्यावर सायीसारखा पापुद्रा धरतो. उकळण्यातून वाचलेल्या बीजाणूंचीच ती प्रजा. त्यांना मारायला १२१ अंशांची दाबाखालची वाफ किमान १५ मिनिटं मिळावी लागते.

गैरसमज : ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेचं यंत्र, नसेल तर सूक्ष्मजीवांचे प्रयोग शाळेत होणारच नाहीत.

वस्तुस्थिती : घरगुती प्रेशर कुकर साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर, म्हणजे सुमारे १५ पौंड दाबावर चालतो. ऑटोक्लेव्हचा नेहमीचा दाबही तेवढाच. चार-सहा परीक्षानळ्या आणि पाव लिटर आगर एवढंच काम असेल, तर आयएसआय शिक्क्याचा पाच-सात लिटरचा कुकर पुरतो. तळाशी पाणी, त्यावर जाळी, जाळीवर बाटल्या. बाटली दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये आणि झाकण सैल ठेवावं. हा कुकर प्रयोगशाळेचाच राहिला पाहिजे. पोषण आहाराच्या स्वयंपाकघरात तो परत जाता कामा नये.

उभा ऑटोक्लेव्ह घ्यायचा तो कनिष्ठ महाविद्यालय जोडलेलं असेल आणि वर्षभर काम असेल तर. त्यातही आधी भिंतीकडे बघावं. दोन किलोवॉटचं हीटर २३० व्होल्टला जवळपास नऊ अँपिअर ओढतं. सहा अँपिअरच्या साध्या प्लगवर ते चालवणं धोक्याचं. स्वतंत्र १६ अँपिअरचा प्लग आणि अर्थिंग यांचा खर्च कोटेशनमध्ये नसतो.

गैरसमज : काटा १५ वर गेला किंवा चार शिट्ट्या झाल्या की काम फत्ते.

वस्तुस्थिती : जंतू मरतात ते तापमानानं, दाब हा फक्त तिथवर पोचण्याचा मार्ग. भांड्यात हवा अडकली असेल तर काटा १५ पौंड दाखवतो, पण तापमान मागेच राहतं. हवा पूर्ण काढली तर १२१ अंश, निम्मीच काढली तर ११२, अजिबात काढली नाही तर जेमतेम १००. म्हणून कुकरवर शिट्टी लगेच ठेवू नये. वाफेची सरळ, जोरदार धार काही मिनिटं जाऊ द्यावी, मग शिट्टी बसवावी. पूर्ण दाब आल्यावर आच मंद करून घड्याळाची २० मिनिटं मोजावीत. शिट्ट्या मोजण्यात अर्थ नाही. गॅस बंद केल्यावर शिट्टी उचलायची घाई केली तर आगर उकळून बाहेर येतं, बाटलीही तडकते. दाब आपोआप उतरू द्यावा.

गैरसमज : हॉट एअर ओव्हन १६० अंशांपर्यंत जातो, म्हणजे तो ऑटोक्लेव्हपेक्षा सरस.

वस्तुस्थिती : कोरडी हवा उष्णता फार हळू पोचवते. म्हणून १६० अंशांना दोन तास किंवा १७० ला एक तास लागतो. काचेच्या पेट्री डिश, पिपेट, धातूचे चिमटे यांना ओव्हन उत्तम. आगर किंवा कुठलंही द्रव त्यात आटून जाईल, रबर आणि प्लॅस्टिक वितळेल किंवा खराब होईल. निर्जंतुक प्लॅस्टिकच्या डिश तयार मिळत असताना शाळेला ओव्हनची गरज क्वचितच पडते.

गैरसमज : निळ्या दिव्याचं कपाट घेतलं की सगळंच निर्जंतुक.

वस्तुस्थिती : सलूनमध्ये दिसणाऱ्या या कपाटातले २५४ नॅनोमीटरचे अतिनील किरण समोरच्या पृष्ठभागावरच काम करतात. सावलीत त्यांचा उपयोग नाही आणि साधी काच त्यांना अडवते, त्यामुळे बंद परीक्षानळीच्या आत काही घडत नाही. उलट मुलांच्या डोळ्यांना आणि त्वचेला इजा होण्याची भीती असते. शाळेनं या वाटेला न गेलेलं बरं.

गैरसमज : एकदा निर्जंतुक केलेलं साहित्य निर्जंतुकच राहतं.

वस्तुस्थिती : हा धडा मुंबईतल्या परळची प्रयोगशाळा, म्हणजे आजची हाफकिन संस्था, फार महागात शिकली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना तिथली प्लेगची लस टोचली गेली. एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वातानं दगावले. सुरुवातीला ठपका प्रयोगशाळेवर, म्हणजेच तिचे प्रमुख वाल्देमार हाफकिन यांच्यावर आला. मात्र बाटली उघडतानाचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला होता. हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडलं. धनुर्वाताचे जिवाणूही बीजाणू बनवणारेच, आणि त्यांचं घर मातीत. म्हणून जिवाणू उचलायच्या तारेचं टोक प्रत्येक वेळी स्पिरिटच्या दिव्यावर लाल होईपर्यंत तापवायचं. चिमटा खाली पडला तर तो बाजूला ठेवून दुसरा घ्यायचा.

गैरसमज : हे सगळं प्रयोगाच्या आधी लागतं.

वस्तुस्थिती : खरी गरज प्रयोगानंतर असते. आधी एखादा जंतू राहिला तर फार तर प्रयोग फसतो. पण वाढ झालेल्या डिशमध्ये कोट्यवधी जिवाणू असतात आणि त्यातले कोणते घातक, हे नुसतं बघून कळत नाही. त्यामुळे डिश चिकटपट्टीनं बंद करून ठेवावी, मुलांना उघडू देऊ नये, थुंकी, रक्त किंवा शौचालयातले नमुने घेऊच नयेत. दही आणि यीस्ट पुरेसे आहेत. शेवटी प्रत्येक डिश वाफेच्या दाबाखाली घालूनच कचऱ्यात टाकावी. शाळेच्या यादीत पहिला मान कुकरला द्यायचा तो या कामासाठी. त्याच्या जोडीला दोन स्पिरिटचे दिवे, धातूचे चिमटे, न शोषणारा कापूस आणि एक चांगलं घड्याळ घेतलं की नववी-दहावीची गरज भागते. उरलेल्या पैशांत सूक्ष्मदर्शक घ्यावा.